शनिवारी चादर वाळत घाल

प्रिय आई,

तुझ्या भटक्या टॉर्किलकडून तुला आणि चुलीपाशी लोळणाऱ्या मांजरीलाही खूप प्रेम.

मी मजेत आहे. बुटाचा तळ सुटलाय, पण तारेने घट्ट बांधलाय. तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

मी ज्याच्या मेंढ्या राखतो तो हेक्टरकाका म्हणतो, मागच्या डोंगरमाथ्यावरून आभाळ स्वच्छ असलं की आपलं बेट दिसतं. वर वाट नाही, गुडघाभर जांभळा हेदर फुललाय, आणि त्यात मधमाश्या इतक्या, की काल ऐकत बसलो तर मेंढ्याच पांगल्या. असो.

रविवारी चढायचं ठरवलं होतं. तुला दारापुढे पांढरी चादर वाळत घालायला सांगणार होतो. मग आठवलं, रविवार देवाचा, त्या दिवशी काम करणं पाप; दोरीवर धुणं दिसलं तर पाद्रीबाबा तुला भर चर्चमध्ये सुनावतील! म्हणून शनिवारचा अर्धा दिवस मागून घेतला.

हेक्टरकाका हसला, "चाळीस मैलांवरून चादर दिसते होय रे? गरुड आहेस का?"

दिसणार नाही, मला ठाऊक आहे. तरी घाल. आणि भर दुपारी समुद्राकडे तोंड करून दोरीपाशी थोडी उभी राहा. ढग आले तरी.

तुझाच,
टॉर्किल