दक्षिणेकडचं छप्पर

॥ श्री ॥

मु. खारकोंड, ता. श्रीवर्धन
२० ऑगस्ट २०२४

चि. शिवदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र आलं की आधी गेलं कोण ते बघायची रीत, म्हणून आधीच लिहून टाकलं. अकरा वर्षांत आपण फोनवर बोललो नाही, आणि आता बोलायचं म्हटलं तरी माझे कान कामातून गेलेत. समोरचा ओरडतो, मी भलतंच ऐकतो आणि अख्ख्या वाडीला आमचं बोलणं कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं आहे की, घरावर सौर पॅनल बसवावीत म्हणतोय. छत्तीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढलो, आता वीज आपल्याच कौलांवर उतरते म्हणतात, तर बघू. म्हसळ्याचा अल्पेश हा धंदा करतो. तो येऊन छप्पर बघून गेला. त्याचं म्हणणं, उत्तरेच्या बाजूला ऊन पुरत नाही, बसवायची तर दक्षिणेकडेच. वाटणीत दक्षिणेकडचं छप्पर तुझ्याकडे गेलं, म्हणून तुझ्या सह्या लागतात. कागद सोबत आहेत. पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सही कर. आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लाव. अल्पेश फोन करील, तेव्हा मोबाईलवर आलेला आकडा त्याला सांग.

भात पोटरीला आलंय. रानडुकरं खालच्या खाचरापर्यंत येतात. बाकी ठीक. सौ. क्रांतीस आणि चि. पूर्वीस आशीर्वाद. सह्या देणार नसलास तरी दोन ओळी लिही.

तुझा,
धर्माजीदादा

*

उलवे, नवी मुंबई
३ सप्टेंबर २०२४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद सह्या करून पाठवतोय. वाचत बसलो नाही. न्हावा शेव्याला आमच्या यार्डात दिवसाला दोनशे कागदांवर सही करतो, त्यात तुमचे हे चार. अल्पेशला आकडाही सांगितला. त्या छपरावर तुम्ही पॅनल बसवा नाहीतर भोपळ्याचा वेल चढवा, मला त्यातलं काही नको.

तरी एक हिशोब सांगतो. राग मानू नका. तुम्ही एकटे. एक पंखा, दोन दिवे, सकाळी थोडा वेळ पंप. बिल फार तर चारशे येत असेल. अनुदान वजा जाता पदरचे साठ-पासष्ट हजार जाणार, आणि स्थिर आकार काही सुटत नाही, म्हणजे वाचणार महिन्याला अडीचशे. पैसे फिटायला वीस-बावीस वर्षं. तुम्ही आज अडुसष्ट. म्हणजे नव्वदाव्या वर्षी तुम्ही फायद्यात येणार! क्रांती म्हणाली की असं लिहू नका, मोठ्या माणसाला बरं दिसत नाही. पण वायरमनला हिशोब कळत नसेल तर कोणाला कळायचा?

आमच्या इमारतीवरही पॅनल आहेत. लिफ्ट त्यावर चालते म्हणतात. मेंटेनन्स मात्र एक रुपयाने उतरला नाही.

पूर्वी दहावीला आहे. घराच्या पायरीवर बसून खाचरातले मासे पकडता येतात हे तिला खरं वाटत नाही. अजून पाणी तिथवर येतं का, तेवढं कळवा.

आपला,
शिवदास

*

मु. खारकोंड
२० नोव्हेंबर २०२४

चि. शिवदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाणी अजून पायरीपर्यंत येतं. यंदा बसल्या जागी ओंजळभर मासे मिळाले. एकट्याने काय खायचे, शेजारी ठमीकाकूला देऊन टाकले.

पॅनल बसली. चार आहेत, निळी-काळी. कौलांवर लोखंडी सांगाडा उभारून बसवलीत. एक कौलही फुटू दिलं नाही, मी खाली उभा राहून अल्पेशच्या माणसांच्या नावाने ओरडत होतो. गेल्या आठवड्यात नवा मीटरही लागला. तो दोन्हीकडचं मोजतो, घेतलेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं. रोज सकाळी वहीत आकडा मांडतो. दिवसाला आठ युनिटं होतात. ढग असले की पाच. माझी नोकरी पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं.

ठमीकाकू विचारते की, घरात मान्सं न्हायत आन् येवढी ईज कोनासाठी. तिला म्हटलं, सरकार विकत घेतं. अर्धं खरं आहे. जास्तीची युनिटं मार्चपर्यंत जमा राहतात. मार्चअखेर जे उरतं त्याचे किरकोळ पैसे लावून पाटी कोरी करतात. अल्पेश म्हणतो, हरिहरेश्वरात ज्यांनी बसवली त्यांचे पैसे चार-पाच वर्षांत फिटतात, कारण पाहुण्यांचे एसी दिवसभर चालतात. थोडक्यात, ज्याचं घर भरलेलं असतं त्याला ही वीज परवडते.

तुझा हिशोब बरोबर आहे. मीही तोच केला होता.

पूर्वीच्या अभ्यासाचं कळव. तिची आठवण येते हे लिहायला मला अधिकार नाही, तरी येते.

तुझा,
दादा

*

उलवे
१२ जानेवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे काय चालवलंय तुम्ही? परवा माझ्या खात्यात साठ हजार रुपये जमा झाले. बँकेत विचारलं तर म्हणाले, सौरचं अनुदान. मी म्हटलं, मी कुठे सौर बसवलंय? तर त्यांनी कागद दाखवला, त्यावर नाव माझं, ग्राहक क्रमांक माझा, सही माझी. मी समजत होतो की नाहरकत दिली. तुम्ही पॅनल माझ्याच नावावर चढवलीत!

आणि माझा ग्राहक क्रमांक आला कुठून? आम्ही निघालो तेव्हा माझ्या नावाचा मीटर लागलासुद्धा नव्हता. अर्ज केला होता, इतकंच. तो केव्हाच रद्द झाला असेल असं मी धरून चाललो होतो.

पैसे परत पाठवतोय. मला कोणाचे उपकार नकोत, तुमचे तर नकोतच. तुमचं बिल वाचावं म्हणून सह्या दिल्या होत्या. खरं काय ते लिहा. क्रांती परवापासून तो कागद घेऊन बसली आहे.

शिवदास

*

मु. खारकोंड
२२ जानेवारी २०२५

चि. शिवदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खरं लिहितो. एका दमात लिहितो, नाहीतर राहून जाईल.

तुम्ही गेलात त्यानंतर महिन्याने तुझ्या नावाचा मीटर आला. बसवायला माझ्याच हाताखालचा माणूस आला होता. तुझ्या दाराला कुलूप बघून तो परत निघाला होता. मी म्हटलं, लाव. बिल मी भरतो. आत दिवा लागत नसला तरी स्थिर आकार येतोच. तो भरला नाही तर जोडणी कायमची कापतात, आणि मग पुन्हा घ्यायची तर सतरा कागद. तू कधी आलास तर दारात वीज नाही म्हणून परत फिरू नयेस, एवढंच डोक्यात होतं. अकरा वर्षं भरतोय. तुझी वहिनी कमळ होती तोवर ती आठवण करायची, शिवदासचं बिल राहिलं म्हणून.

पॅनल तुझ्याच मीटरला जोडली. माझं बिल आहे तेवढंच येतं, पावणेचारशे. तू मला नव्वदाव्या वर्षी फायद्यात आणलंस. खरं सांगायचं तर मी कधीच फायद्यात येणार नाही. वीज तुझ्या नावावर साठते आहे. आज पाचशे दहा युनिटं आहेत.

आता दुसरं. तेव्हा मे महिना होता. पूर्वीच्या अंगभर कांजिण्या होत्या. तू नवा फ्रीज आणलास, सामाईक मीटरचं बिल तीनशे चाळीसने वाढलं, आणि त्यावरून आपण पडवीत भांडलो. तू म्हणालास की तुमची वीज तुमच्याकडे ठेवा. मी बोर्डाशी गेलो आणि तुझ्या बाजूचा फ्यूज उपसला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे गेलेले फ्यूज बसवत फिरलो, आणि आपल्या घरी चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरचा पंखा भर दुपारी बंद केला. आत ती रडत होती आणि मी फ्यूज खिशात घालून पडवीत बसलो होतो. तेव्हा माझे कान चांगले होते.

संध्याकाळच्या गाडीने तुम्ही गेलात. कमळ गेली त्या दिवशी तू स्मशानापर्यंत आलास आणि तिथूनच परत फिरलास. माझी तक्रार नाही. पैसे पाठवू नकोस, पूर्वीच्या शिक्षणाला ठेव. माझं चुकलं, शिवदास. हे तोंडाने सांगायला हवं होतं, ते जमलं नाही.

तुझाच,
दादा

*

उलवे
९ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहितेय. आईला माहीत आहे, पत्ता तिनेच दिला. अक्षराला हसू नका, आम्ही फक्त परीक्षेत हाताने लिहितो.

तुमचं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. मग देवघरात पंचांगाखाली ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले की भौतिकचा अभ्यास कर. आम्हाला विजेवर धडाच आहे. त्यात फ्यूजबद्दल लिहिलंय की तो आधी वितळतो म्हणून बाकीचं घर वाचतं. तुम्हाला हे माहीत असणारच.

मला कांजिण्या आठवत नाहीत, उकाडाही नाही. कोणीतरी सूप घेऊन मला वारा घालत होतं आणि त्याला तांदळाच्या कोंड्याचा वास येत होता, एवढंच आठवतं. आई म्हणते, ती मी नव्हते, मी सामान बांधत होते. मग कोण होतं?

माझा शेवटचा पेपर १७ मार्चला आहे. शिमगा त्याआधी येतो, त्यामुळे पालखीला जमणार नाही. पण मला खाचर बघायचं आहे. बाबांना हे तुम्ही सांगू नका, मी सांगीन.

तुमची,
पूर्वी

*

मु. खारकोंड
८ मार्च २०२५

चि. शिवदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पैसेही परत आले नाहीत, यावरून मी काय समजायचं ते समजलो. चुकीचं असेल तर कळव.

पूर्वीने मला पत्र लिहून कांजिण्यांच्या वेळचं विचारलं, तिच्यावर रागावू नकोस. तिला सांग, सूप घेऊन बसलेली तिची मोठी आई होती. तुम्ही गाडीत बसेपर्यंत तिने ते हातातून ठेवलं नव्हतं. नंतर त्यात पुन्हा कधी तांदूळ पाखडले नाहीत. कोनाड्यात उभं आहे, मी धूळ झटकतो.

शिमग्याला पालखी दारी येईल. कुलूपबंद दारापाशी पालखी थांबत नाही हे तुला ठाऊकच आहे. पण कमळने पहिल्या वर्षापासून तुझ्या उंबऱ्यावरही नारळ आणि ओटी ठेवायला सुरुवात केली, म्हणून ती दोन्ही दारांशी थांबते. पालखीबरोबरचे खेळे दरवर्षी विचारतात की धाकल्या घरचं कोन हाय का न्हाय. दरवर्षी मीच पुढे होतो. आता हात उचलून नारळ द्यायला खांदा साथ देत नाही.

सोबतच्या पुडीत चिनीमातीचा फ्यूज आहे. तोच. हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवला होता. निवृत्त झालो तेव्हा पिशवीतलं सगळं वाटून टाकलं, हा एक ठेवला. तार मी कालच नवी बांधली, ती जुनी गंजली होती. तुझ्या मीटरची तारही बोर्डावरच्या तुझ्या बाजूच्या खाचेतच आणली आहे, ती खाच अजून रिकामीच आहे. तुझ्या दाराची चावी तुझ्याकडे, म्हणून आतलं मला काही बघता आलेलं नाही. हा मी बसवायचा नाही असं ठरवलंय. ज्याचा आहे त्याने बसवावा.

आज आठशे नव्वद युनिटं जमा आहेत. मार्चअखेर ती सरतील. सरली तरी एप्रिलपासून पुन्हा साठतील, ऊन कुठे जात नाही. मीच किती दिवस आकडे मांडायला असेन ते सांगता येत नाही. या, एवढंच म्हणतो. मला तुम्ही घरात हवे आहात.

वाट बघणारा,
दादा

*

उलवे
१८ मार्च २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पुडी पोचली. यार्डात जेवणाच्या सुट्टीत फोडली. आमच्या सुपरवायझरने विचारलं की भंगार कोणी पाठवलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

माझंही थोडं ऐका. तुमची वीज तुमच्याकडे ठेवा असं मी म्हणालो होतो ते तुम्ही पत्रात लिहिलंत. त्यापुढचं मी काय म्हणालो ते तुम्ही लिहिलं नाही. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, असं म्हणालो होतो. वहिनी दारातच उभी होती. फ्यूज तुम्ही त्यानंतर उपसलात. क्रांतीला मी अकरा वर्षं फक्त फ्यूजचं सांगत आलो. वहिनीची माफी मागायची राहिली. स्मशानातून परत फिरलो ते रागाने नाही, तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून.

शनिवारी, २२ तारखेला, सकाळच्या गाडीने निघतोय. पूर्वीचे पेपर चांगले गेले. तिचं बोलणं मी आधी उडवून लावलं, पण तिने पिशवीच भरून ठेवली. मी रजा दहा दिवसांची घेतली आहे. क्रांतीने विचारलं की तिघा-चौघांनी दहा दिवसांत एवढी युनिटं संपवायची कशी. मी म्हटलं, संपणार नाहीत. आत तो फ्रीज पडलाय, चालू झाला तर वीस-पंचवीस तो खाईल. तिने इथून मिक्सर घेतलाय, मसाला तिथेच करणार म्हणते. तरी हिशोब काही जुळत नाही. मे महिन्यात मायलेकी पुन्हा तिथे राहतील, गणपतीला मी येईन, तेव्हा कुठे थोडा जुळेल. पैसे वाचतील का ते अल्पेशला विचारू नका, तो हो म्हणेल.

चावी क्रांतीच्या दागिन्यांच्या डब्यात होती. ती तिथे आहे हे मला आज कळलं.

स्टँडवर येऊन उन्हात उभे राहू नका. पडवीतच बसा. आल्यावर आधी कुलूप काढू, मग फ्यूज मी बसवतो. सूप कोनाड्यातून काढून ठेवा, पूर्वीला बघायचं आहे. आणि आत आलात की पंख्याचं बटण तुम्ही दाबा. पूर्वी त्याखाली बसेल.

आपला धाकटा,
शिवदास