मावशींची काकडी

रविवार, संध्याकाळ

पाठ दुखतेय, लिहायचाही कंटाळा आलाय. पण ती काकडी डोक्यातून जात नाही.

डहाणूत आमच्या नाटकाचं तिकीट म्हणजे एक चादर. जमलेल्या चादरी आम्ही तलासरीच्या पाड्यांवर वाटतो. आज पहिल्यांदाच नाटकही पाड्यावर केलं, शाळेच्या व्हरांड्यात. पायरीशी एक मावशी आल्या, हातात वेलीवरची मोठी काकडी. "ही घ्या, तिकीट," म्हणाल्या.

मी हसले. "मावशी, तुम्हाला फुकट आहे. काकडी घरी न्या."

"फुकट मी नाय बसायची."

आणि कुंपणाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, येतील आत. तासभर तिथेच उभ्या, काकडी हातात. शेवटी चादर घेऊन मीच गेले, तर त्या निघून गेलेल्या.

आमच्या नाटकातला सुनील म्हणतो, आता दहा पाडे करू. करू की. पण काकडी घ्यायला माझं काय जात होतं? मागच्या प्रयोगाला डहाणूच्या एका साहेबांनी विटकी, भोक पडलेली चादर दिली होती. ती मी दोन्ही हातांनी घेतली. वर थँक्यू म्हटलं, आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.