सुताच्या कोनातली झिनिया

डिंडोली, रविवार संध्याकाळ

झिनिया उगवली! गेल्या वर्षीच्या फुलांतून काढलेलं सगळं बी मी एकदमच पेरलं होतं, मागे काहीच ठेवलं नाही. असं मी कधी करत नाही. कुंड्या म्हणून पप्पांनी लूमवरून आणलेले, सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन. आई रोज म्हणायची, "मॅडम, कोनातून सूत निघतं, फूल नाही." मलाही खात्री कुठे होती?

आज एक कोंब दिसला. डोक्यावर बियाचं साल टोपीसारखं अडकलेलं. ओढावंसं वाटलं. नको, पानं तुटतील. गच्चीवरून "पप्पा!" अशी ओरडले, की शेजारच्या काकूही धावत आल्या. मी, आणि ओरडले!

आई काही वर आली नाही. पण टोपी पडली का, हे तिने मघापासून दोनदा विचारलंय.