रनाळ्याच्या मोरीवरचा भोंगा

३ मे १९३८, नंदुरबार

आज पुन्हा त्या सर्व्हिस मोटारीची धूळ खाल्ली. दोंडाईच्यापासून थेट गावापर्यंत. टपावर माणसं, पायऱ्यांवर माणसं, आणि ड्रायव्हरसाहेब एका हाताने बिडी ओढताहेत. ह्याला लायसन दिलं कुणी? माझं मत आता पक्कं झालंय. मोटार चालवता येणं म्हणजे ती थांबवता येणं. आपली गाडी किती अंतरात थांबते हे ज्याला ठाऊक नाही त्याने खुशाल टांग्यात बसावं.

आपली कितीत थांबते ते काल शाळेच्या मैदानावर मोजलं. ताशी वीस मैलांवर चौदा पावलं. सौ. म्हणाली, "डॉक्टर माणूस तुम्ही, भर उन्हात पावलं काय मोजत बसता? लोक हसताहेत." हसोत बापडे.

६ मे

लोकल बोर्डासाठी रस्त्याच्या नियमांचा मसुदा करतोय. अध्यक्षांनीच सांगितलं. गाडीवानांनी भोंगा ऐकताच रस्ता सोडावा, गाडीत झोपू नये, जनावरं ताब्यात ठेवावीत. मोटारवाल्यांनाही सोडलेलं नाही: वळणावर, मोरीवर आणि कुणालाही ओलांडताना भोंगा वाजवलाच पाहिजे. हे मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकातलं. पाठ आहे मला. गाडी घेऊन आठ महिने झाले, एकदाही चुकलेलो नाही.

ब्रेकचं तेल बघायचंय. कासमभाई मिस्त्री उद्या येतो म्हणाला. म्हणजे परवा.

११ मे

आत्ताच दवाखान्यातून आलो.

रनाळ्याला बाळंतपणाची केस होती. बाई नीट, मूल नीट. खुशीत परत निघालो. ओढ्याच्या मोरीवर समोरून बैलगाडी. दोन्ही बाजूंना खोल उतार, तिला शेतात घालायला जागा नाही. मी थांबलो. गाडीवान खाली उतरला, पन्नाशीचा असेल. बैलांच्या तोंडासमोर उभा राहिला, उपरणं पसरून दोघांचे डोळे झाकले. मोटार दिसून बुजू नयेत म्हणून इकडे सगळेच तसं करतात. मान वळवून मला 'जा' म्हणून खूण केली.

पहिल्या गिअरवर घेतली. चाकाचाकांत वीतभर अंतर. मोटार अगदी बैलांच्या बाजूला आली तेव्हा भोंगा वाजवला. नियमाप्रमाणे.

बैल पुढे उसळले. तो समोरच होता, जू छातीवर बसलं आणि तो खाली गेला. बैलगाडीचं चाक त्याच्या उजव्या नडगीवरून गेलं.

त्याची बायको बैलगाडीत बसलेली होती. उडी मारून उतरली, पण नवऱ्याकडे धावायच्या आधी माझ्याकडे बघून ओरडली, "कसाले वाजाडा? तो उभा व्हता ना!"

मोटारीत घालून दवाखान्यात आणलं. दोन्ही हाडं मोडलीत. फळ्या बांधल्या. नाव वेडू. बायकोचं बायजाबाई.

१२ मे

फौजदार जबाब घ्यायला घरी आले. चहा झाला. "डॉक्टरसाहेब, भोंगा दिला होता ना?" दिला होता. "वेग?" बैलाच्या चालीचा. "मग संपलं." आणि लिहिलं: मोटार नियमाने चालली होती, भोंगा दिला होता, बैल उधळले, गाडीवानाचा जनावरांवर ताबा नव्हता. खटला वेडूवर. सहा जूनला कचेरीत उभं राहायचं. तोवर बैल सरकारी कोंडवाड्यात.

वाचलं आणि सही केली. त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त उपरणं नाही, आणि ती हाताची खूण नाही.

१५ मे

कासमभाई ब्रेक बघायला आला. ह्याचे आजोबा-वडील बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, हा मोटारींकडे वळला. सगळं सांगितलं. हातातला पाना पुसला. मग म्हणाला, "डोळा झाकेल बैलजोगे भोंगा नही वाजाडतस, डागदरसाहेब. त्याले काही दिखत नही. आवाज आंगवर उना असंच त्याले वाटस."

मी चिडलो. मग आठ महिन्यांत मला कुणी सांगितलं का नाही?

"हे काय सांगानी गोष्ट शे?" म्हणाला.

खरंच आहे. इथल्या पोरासोरालाही ठाऊक. आणि मी भोंगा वाजवायचो तो लांबून, तोवर गाड्या शेतात उतरलेल्या असायच्या. इतक्या जवळून पहिल्यांदाच. पुस्तक ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात बैलजोडी पाहिली नसेल. पण त्याला काय बोल लावू? मोरीवर मी होतो.

१९ मे

प्रयोग केला. शेजाऱ्याची बैलजोडी मागितली, मैदानावर गाडीला जुंपूनच आणवली. उपरणं घेऊन मी स्वतः समोर उभा राहिलो. मोटारीत बसलेला कासमभाई नको नको म्हणत होता. मोटार वीस पावलांवर, म्हणजे चांगलीच लांब. वाजव म्हटलं.

कापडाखाली बैलांची अख्खी डोकी ताठ झाली. मला दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं झालं आणि मी धोतरासकट मातीत. नशीब, चाकाला दगड लावले होते. बघे लोक खदाखदा हसले. मला मात्र रडू आलं. बसल्या बसल्याच. कासमभाईने उठवलं.

वीतभरावर वेडूला काय झालं असेल!

२४ मे

वेडूची पट्टी. सूज कमी. मी मान खाली घालून काम करत होतो तर तोच म्हणतो, "मन्हाच हात ढिला पडना व्हई, डागदरसाहेब. तुम्ही मनले लावू नका." तेरा दिवस हा माणूस खाटेवर पडून आपलीच चूक शोधतोय.

पाय चालता होईल का, हे अजून विचारलेलं नाही. विचारतो ते एकच, "बैलेसले पानी मियस ना?"

संध्याकाळी कोंडवाड्यावर जाऊन आलो. पाणी आहे. गढूळ. चारा नावाला. दोन्ही खंगलेत. आणि पेरणी तोंडावर. बैल नाहीत तर वेडूचं वावर असंच पडणार, आणि हा तर अंथरुणात. रखवालदाराला झापलं. त्याने काय करावं बिचाऱ्याने?

२८ मे

बोर्डाचे अध्यक्ष भेटले. मसुदा वाचून खूश. "डॉक्टर, तुमचा तो रनाळ्याचा प्रकार ह्यात दाखल्याला घाला की. गाडीवान किती बेपर्वा असतात त्याचा नमुना." हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. गुळमुळीत हसलो. शी.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही खोटं कुठे लिहिलंय?" माझ्याच मनातलं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि तिच्यावरच खेकसलो. दोघंही न जेवता उठलो.

१ जून

वकिलाला विचारून आलो. वेडूच्या नाही, माझ्याच. जबाब फिरवला तर? तो खुर्चीत सरळच झाला. म्हणाला, "खटला उलटून तुमच्यावर येईल. लायसन जाईल. शिवाय पहिल्या जबाबात हे का सांगितलं नाही म्हणून विचारतील, त्याला काय उत्तर देणार?"

फी देऊन उठलो.

येताना गाडी मुद्दाम लांबून, नवापूर रस्त्याने घातली. इंजिन मऊ चाललं होतं. मला ही गाडी फार आवडते, उगाच साधूपणा कशाला आणू? हँडल मारताच पहिल्या फेऱ्याला बोलते. ती नसली तर रनाळ्याची ती बाई आणि तिचं मूल माझ्या छकड्याची वाट बघत गेली असती, हेही खरं. हेच कारण दिवसभर घोळवत राहिलो. पण कारण सापडल्याचा आनंद जरा जास्तच झाला, तिथेच समजलो की ही पळवाट आहे.

४ जून

मसुदा फाडला. नवा करणार नाही. निदान बैलासमोर उपरणं धरून उभ्या राहिलेल्या माणसाला विचारल्याशिवाय नाही.

५ जून

उद्या साडेदहाला कचेरी.

दुपारी बायजाबाई दवाखान्यात आली. वेडूला उद्या खाटेवरूनच नेणार, चार माणसं ठरवलीत. मला वाटलं पट्टीचं काही विचारेल. दाराशीच बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कचेरीमा काय सांगानं ते आमले शिकाडी द्या, डागदरसाहेब. तुम्ही जे सांगशात तेच आम्ही दोन्हीजन सांगसूत."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. जो होता तो त्या दिवशी मोरीवरच. शिकलेल्या माणसाला विचारून बोलावं एवढंच तिच्या मनात.

मी म्हटलं, "जे डोळ्यांनी पाहिलंत तेच सांगा."

"ते तं तुमले ठाऊकच शे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "बैल उद्याच सुटतीन ना?"

आधी मला बोलू द्या, मग तुम्ही बोला, एवढंच मला सांगता आलं. ती उठून गेली. समाधान झालं की नाही, कळलं नाही.

ती गेल्यापासून नवा जबाब लिहायला बसलोय. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर पहिलं वाक्य झालं: वेडू बैलांचे डोळे झाकून त्यांच्यासमोर उभा होता आणि त्यानेच मला जाण्याची खूण केली. दुसरं वाक्य 'मी' पासून सुरू करायचंय.