खडूची पूड

४ एप्रिल
त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हणजे हिने नेलं. कोपरं, गुडघे आणि डोकं, जिथे मला गेली काही वर्षं थोडा कोरडेपणा आहे, त्याला बाई सोरायसिस म्हणतात. एक माहितीपत्रक दिलं, मलमाची ट्यूब दिली. म्हणाल्या, हा कुणाला लागत नाही, मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. बरं वाटलं तरी मलम आपल्या मनाने बंद करायचं नाही. मी म्हटलं, मी शिस्तीचा माणूस आहे. त्यावर ही खोकली. खरं तर घसा धरलाय आमच्या मासोळीचा. तापही आहे. मासोळी म्हणजे आमची कन्या, वय सोळा. पाण्यात पडली की बाहेर निघत नाही. नऊ मेला तिची शंभर मीटरची फायनल आहे.

५ एप्रिल
पत्रक वाचलं. प्रकार बरेच. जाड लाल चट्टे, वर चंदेरी पापुद्रे, हा एक. थेंब उडाल्यासारखे बारीक ठिपके, हा दुसरा; तो बहुतेक लहान वयात, घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. मग काखेतला, जांघेतला. पूवाल्या फोडांचा. अंगभर लाल होणारा, त्यात सरळ हॉस्पिटल. शिवाय नखांचा, डोक्यातला. माझा पहिला, पण सौम्य. बाकीचे आपल्याला लागू नाहीत म्हणून पत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं.

७ एप्रिल
दुकानात सूट विभागाला काळा कोट सक्तीचा. आज एका गिऱ्हाइकाने माझ्या खांद्यावरच्या पांढऱ्या कणांकडे पाहिलं. मी लगेच म्हटलं, खडूची पूड. कापडावर खुणा करायचा खडू आमच्या खिशात असतोच. पटलं त्याला. का नाही पटणार? बावीस वर्षं सूट विकतोय. माणूस दारातून आत आला की त्याच्या बाहीची लांबी पाव इंचाच्या आत सांगतो. अंगावरची कुठलीच गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही.
घरी मासोळीलाही वर्षानुवर्षं खडूच सांगत आलोय. मुलांना उगाच काळजी कशाला.

१४ एप्रिल
कोपर गुळगुळीत! दहा दिवसांत बरा झालो. बाई म्हणे जात नाही. मलम बंद. ट्यूब गुंडाळून कपाटात ठेवली. सवयीने माप घेतलं: साडेचार इंच उरली आहे.

१९ एप्रिल
परत आलं. आधीपेक्षा मोठं. स्वतःच्या कातडीने असा केसाने गळा कापावा? पन्नास वर्षं हिला साबण लावतोय.
शर्ट विभागातल्या मित्राने उपाय सांगितला. लिंबू, मीठ आणि खरखरीत दगड. घासायचं, जोर लावून.

२१ एप्रिल
घासलं. दोन्ही कोपरं रक्तबंबाळ. टॉवेल पाहून हिने ड्रॉवरमधून पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात लिहिलंय म्हणे की खरवडलं, खाजवलं की तिथेच नवीन चट्टा उठतो. मग हे मोठ्या अक्षरांत का छापत नाहीत?
मित्राला जाब विचारला. तो म्हणतो, हा उपाय त्याने टाचांच्या भेगांसाठी सांगितला होता. ज्याला जिवाभावाचा म्हणावं तो असा.

२५ एप्रिल
मलम गुपचूप पुन्हा सुरू करायला गेलो, तर ट्यूब सव्वातीन इंच! पुन्हा मोजलं. सव्वातीनच. शिवाय मधूनच दाबलेली. मी नेहमी खालून दाबतो. म्हणजे घरात चोर आहे.
संशय हिच्यावर. विचारलं. ही म्हणाली की मोजायचंच असेल तर घरात मोजण्यासारखं बरंच काही आहे. चोराच्या उलट्या बोंबा.

२७ एप्रिल
अंगाची लाही लाही होतेय, पण मासोळी गेले काही दिवस फुल बाहीत वावरतेय. शेवटी बापाचे संस्कार. एकवीस इंच बाही, बरोब्बर मनगटाच्या हाडावर. मी कौतुक केलं. ती उठून गेली. या वयात मुलं लाजतात.

३० एप्रिल
मॅनेजरने बोलावलं. दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली म्हणे. उद्यापासून मी पांढऱ्या शर्टांच्या काउंटरला. म्हणाला, तिथे कोट नाही, तुमचा खडू दिसणार नाही. ‘तुमचा खडू’ म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बावीस वर्षं! याच्या लग्नातला सूट मी मापला होता. तेव्हा पोट आत घे म्हणून मापलं असतं, तर ऐन लग्नात बटणं तुटली असती.
ठराव: आता कुणावरही विश्वास नाही.

२ मे
पोहण्याच्या सरांचा फोन. मासोळी दहा दिवस तलावावर फिरकलेली नाही. कारण काय सांगितलं, तर खडूची ॲलर्जी. सर विचारत होते की पाण्यात खडू कुठून आला. मला काय माहीत? आठवड्यावर फायनल, सगळ्या दुकानाला मी सांगून बसलोय, आणि मुलगी बॅग घेऊन रोज जाते कुठे? घरी आल्यावर बोललो. बरंच बोललो. तिने मान खाली घालून ऐकलं आणि बाही हातावर आणखी खाली ओढली. ही मध्ये पडली, म्हणाली, पुरे झालं.
पोटच्या पोरीनेही फसवलं. आज जेवलो नाही. (थोडं जेवलो.)

४ मे
सुटे पैसे शोधताना हिच्या पर्समध्ये चिठ्ठी सापडली. त्वचेच्या बाईंची अपॉइंटमेंट, आठ मे, सकाळी दहा. पेशंट: दोन. मला न विचारता! एक मी, आणि दुसरा कोण? बहुधा हिचा भाऊ. त्याला टक्कल पडतंय. म्हणजे माझा आजार माहेरपर्यंत पोचला. सगळं घर एकीकडे, मी एकटा एकीकडे.

७ मे, दुपार
सुट्टी होती. चोर पकडायचाच असं ठरवून घरभर शोधलं. ट्यूब मासोळीच्या पोहण्याच्या बॅगेत सापडली. टॉवेल कोरडा, पोशाख कोरडा, आणि मध्ये माझी ट्यूब. पावणेदोन इंच.
तिला बोलावलं. आवाज चढवायची पूर्ण तयारी होती. तिने बाही वर सरकवली. मनगटापासून दंडापर्यंत बारीक लाल ठिपके, थेंब उडाल्यासारखे. पत्रकातला दुसरा प्रकार. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी.
मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुम्ही खडूच म्हणाला असता.
कपडे बदलायच्या खोलीत एका मुलीने आपला टॉवेल उचलून लांब ठेवला होता. त्या दिवसापासून मासोळी तलावामागच्या बाकावर बसून वेळ काढते. आईला मागच्या आठवड्यात सांगितलं. मलम लावून किती दिवसांत जातं, असं तिने मला विचारलं. मी आजवर एकही ट्यूब संपवलेली नाही.

८ मे
पेशंट दोन, म्हणजे आम्ही दोघं. बाईंनी आधी तिला तपासलं. थेंबांचाच. बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो, मात्र वडिलांचं मलम आपल्या मनाने लावायचं नाही. तिचं औषध वेगळं दिलं. पोहायला हरकत नाही. नंतर साध्या पाण्याने अंग धुऊन क्रीम लावायचं. मग मला तपासलं. माझ्या कोपरांकडे बघून बाईंनी लिंबाचं विचारलं. ही खोकली.
सरांनी यादीतून नाव अजून काढलेलं नाही. मासोळी म्हणाली, उतरेन, पण एका अटीवर. मी समोर पहिल्या रांगेत हाफ बाहीत बसायचं. आणि कुणी विचारलं तर खडू म्हणायचं नाही.
मी म्हटलं, एवढंच ना.
रात्री कपाट उघडलं. अकरा शर्ट. अकराही फुल बाह्यांचे. दुकानं बंद झालेली. हिच्याकडून कात्री मागितली, निळा शर्ट पलंगावर पसरला. खुणा करायला खिशातला खडू काढला आणि परत ठेवला. बावीस वर्षांची नजर आहे, अंदाजानेच कापलं.
एक बाही पाऊण इंच आखूड झाली.
तसाच घालणार आहे.