बाल्कनीचं दार उघडू नकोस

ल्यूबेन,

मी ड्यूटीवर निघालेय. तू येईपर्यंत खालच्या त्स्वेतानाकाकू बाबांजवळ बसल्यात. बाल्कनीला कुलूप लावलंय, किल्ली काकूंकडे आहे.

सकाळी बाबा मिरच्यांच्या बरण्यांच्या खोक्यावर चढून कठड्यावरून वाकले होते. म्हणे, खाली आपली आई उभी आहे. मी कंबरेला धरून मागे ओढलं तर माझ्यावरच खेकसले, "जन्मभर लोकांच्या छपरांवर चढलो, तू मला धरणार होय गं?"

खोकं, स्टूल, कुंड्या सगळं आत घेतलंय. कठडा त्यांच्या मांडीइतकाच आहे. तो वाढवायला माणूस सोमवारी येईल. पण स्वयंपाकघराच्या खिडकीचं काय करू? तीही चौथ्या मजल्यावरच आहे ना! किती ठिकाणी कुलपं घालायची रे?

आता दाराला टेकून बसलेत. "तुझी आई बाहेर गारठेल, उघड ना." आई गेली हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा, आत्ताच कळल्यासारखे रडले. तिसऱ्यांदा म्हटलं, ती बाजारात गेलीय. तेव्हा कुठे शांत झाले.

तुलाही विचारतील. खरं सांगू नकोस.

राडका