मधल्या लाकडाची शिडी

बारामती,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

पाया पडते, पण या वेळी मान खाली घालून न्हाय. आईचा गुडघा कसा हाय? हितं पहाटं गारठा पडाय लागलाय. फोनवर माझा आवाज ऐकला की तुमी ठेवता, म्हणून पत्र लिहितेय. निदान आई वाचून दाखवील.

सिंधुमावशी शेवग्याच्या शेंगा काढताना आपल्या दुकानातनं नेलेल्या शिडीवरून पडल्या, त्याला दीड महिना झाला. खुबा मोडला. तुमी शेळगावभर सांगताय, "पोरीच्या हातची शिडी, मोडणारच." मला दुकानात पाय ठेवू नको म्हणालात. शिडी मी केली, कबूल. पण तिच्या उभ्या दांड्यांचं लाकूड कुणी काढून दिलं?

हितं कॉलेजच्या वर्कशॉपात मी निलगिरीचा तसलाच ओंडका कापला. मधून सालीपर्यंत सात पट्ट्या काढल्या, एका मापाच्या, सारख्याच वाळवलेल्या. दोन्ही टोकं टेकवून मधोमध वजन टांगलं. गाभ्याची पट्टी दोन बोटं वाकली. सालीजवळची एक बोटबी न्हाय. झाड लहान असताना धरलेलं लाकूड मधे राहतं, ते लवतं जास्त आणि मोडतंबी लवकर. मलाच खरं वाटंना, म्हणून आणखी दोन ओंडके कापले. तेच.

तुमी तीस वर्सं शिडीच्या दांड्याला मधलाच भाग राखून ठेवता. "गाभा म्हंजे झाडाचा जीव," म्हणता, आणि सालीकडचं लाकूड टमाट्याच्या खोक्यांना देऊन टाकता. जुन्या बाभळीत ते खपून गेलं. बांधावरच्या सहा वर्सांच्या निलगिरीत न्हाय खपत.

आता एक गोष्ट, जी लिहायची मी टाळत व्हते. शिडी द्यायच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर चढले व्हते. दांडा माझ्या पायाखाली लवला. मला कळलं, आबा. पण तुमी म्हणाला असता, "आता बापाला शिकवती का?" म्हणून गप्प बसले. ती चूक माझी. तिची मला लाज वाटते, रोज वाटते. लाकडाची चूक मात्र मी अंगावर घेणार न्हाय.

रविवारी भिगवणला, त्यांच्या लेकीकडं, सिंधुमावशींना भेटून आले. माझंबी सांगितलं, तुमचंबी. त्या म्हणाल्या, "तुझा बा का आला न्हाय गं?" त्याचं उत्तर तुमी जाऊन द्या.

सोमवारी मी दुकानात येतेय. मागच्या खोलीत त्याच ओंडक्याच्या आणखी चार शिड्या उभ्या हायत, गिऱ्हाइकाची वाट बघत. एकबी बाहेर जाणार न्हाय. त्यांचे दांडे मी कापणार. करवतीचं दुसरं टोक तुमी धरलं तर दोघं मिळून, न्हाय तर एकटी.

तुमच्याच हाताखाली शिकलेली सुतार,
मोना